पहिल्या लाळघोट्याची शाल

आमच्या हिंगोली जिल्ह्यात शाल विकत घेणारी माणसं थोडी आणि शाल अंगावर पडलेली माणसं फार. कारण साधं आहे, शाल फिरत असते. सत्कारात मिळालेली शाल पाहुणा घरी नेतो, तिथून ती कुणाच्या तरी साखरपुड्यात जाते, साखरपुड्यातून सप्ताहातल्या कीर्तनकाराकडे, त्यांच्याकडून शाळेच्या स्नेहसंमेलनाला, आणि असं करत करत पुन्हा एखाद्या सत्काराच्या ताटात येऊन बसते. शिष्टाचार एकच. आपण दिलेली शाल आपल्याकडेच परत आली तर ओळख दाखवायची नाही. नारळ तेवढा फिरत नाही, तो संध्याकाळी चटणीत जातो.

मी नोकरीत कायम कसा झालो हे सांगायचं तर शालीपासूनच सुरुवात करावी लागते.

विद्यापीठ लांब, पण त्याचा अभ्यासक्रम चालवणारं आमचं कॉलेज हिंगोलीत, आणि त्यात दोन खोल्यांचा नाट्यशास्त्र विभाग. त्यातली एक खोली आधी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. त्यामुळे आमच्याकडे अभिनय शिकताना मुलांचा हात कुठे ना कुठे बेसिनच्या नळाला लागायचाच. मी तिथे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर गावातला एक रिकामा माणूस. आई गावी, हट्ट्याला राहते. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"पक्का झालास का रे?"

"न्हाई अजून."

"काहून?"

या 'काहून'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते संस्थेच्या अध्यक्षांकडे होतं. त्यांना सगळे साहेब म्हणत. एकदा आमदार झालेले आणि पुन्हा होण्याची आशा न सोडलेले असे साहेब. त्या वर्षी विभागाला एक कायम जागा मंजूर झाली. मुलाखत वार्षिक नाटकानंतरच्या आठवड्यात होती, आणि मुलाखत घ्यायला साहेब स्वतः बसणार होते. वय माझं चाळिशीला टेकलेलं. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत मी म्हाताऱ्याच्या भूमिका मेकअपशिवाय करू शकलो असतो.

आणि नेमकं त्याच वर्षी मुलांनी राजकीय प्रहसन बसवायला घेतलं.

नाटक त्यांनीच रचलं होतं. एका गावात मंत्री उद्घाटनाला येतो, पण गावात उद्घाटन करण्यासारखं काहीच नसतं. मग गावकरी दोन खांबांना फीत बांधतात आणि मंत्री त्या फितीचंच उद्घाटन करतो. मंत्र्यासोबत दोन लाळघोटे. पहिल्या लाळघोट्याचं काम एकच, मंत्र्याच्या खांद्यावर शाल पडली की ती पटकन स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि पुढच्या सत्काराच्या ताटात नेऊन ठेवायची. एका शालीवर नाटकात अकरा सत्कार व्हायचे. हे पोरांना मी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी गावोगाव बघितलेलं होतं.

शेवटाकडे एक मेंढपाळ बाई यायची. तिच्या मेंढरांनी फीत खाल्लेली असते म्हणून हवालदार तिला मंत्र्यापुढे उभी करतो. ही भूमिका करणारी मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडची. घरी मेंढरं, त्यामुळे तिला काठी कशी धरायची हे दाखवावं लागलं नाही. उलट मी धरून दाखवली तेव्हा ती हसली. "सर, अशी धरली तर मेंढरू तुमालाच वळवल," म्हणाली. आपलं भाषण तिनं स्वतः लिहून आणलं होतं. त्यातलं मला अजून पाठ आहे:

"साहेब, हापश्याचं उद्घाटन तीन येळा झालं. तिन्ही येळा तुमी फीत कापली, तिन्ही येळा तुमी हात धुतले. हात धुयाचं पाणी आमीच आणलं होतं, डोक्यावरून, दुसऱ्या गावाहून. मेंढरांनी काय चूक केली? त्यास्नी वाटलं, इतकी वर्सं हितं फीतच उगवून राहिली, तर तीच खायची असंल."

पहिल्यांदा तिनं हे म्हणून दाखवलं ते आमच्या प्रयोगशाळेत. नऊ वर्षांत मी जे शिकवलं ते सगळं त्यात होतं आणि मला शिकवता न आलेलंही होतं. मला फार अभिमान वाटला. हे खरं आहे, पुढचं वाचून कुणाला पटणार नाही म्हणून आधीच सांगतो.

कपडेपटही तिच्याकडेच होता. कपडेपटाच्या बाबतीत माझा एक नियम आहे आणि त्यावर मी मुलांचं डोकं पार खाल्लेलं आहे. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या फितीचा तुकडा शिवायचा आणि त्यावर पक्क्या शाईनं पात्राचं नाव लिहायचं. एका वर्षी राजाचं धोतर राक्षसाकडे गेलं होतं, तेव्हापासून हा नियम. तिनं तो तंतोतंत पाळला. मंत्र्याच्या जाकिटात 'मंत्री', हवालदाराच्या टोपीत 'हवालदार', आणि सोनेरी काठाच्या मरून शालीत 'लाळघोट्या पहिला'.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की प्रमुख पाहुणे म्हणून साहेब येताहेत. बस, एवढंच सांगितलं. नाटक काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, काही काढा असंही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर बरीच वर्षं मी लोकांना 'वरून दबाव होता' असं सांगत आलो. वरून काही नव्हतं. साहेबांच्या गावात एक हापसा होता, त्याचं उद्घाटन दोन निवडणुकांच्या आधी दोनदा झालं होतं, आणि हे मला माहीत होतं. दबाव म्हणाल तर एवढाच.

मी तालमीत जाऊन तिला सांगितलं, "तुझं भाषण काढू या."

"काहून, सर?"

आईचाच शब्द. मी म्हणालो, "लांबतंय."

"दीड मिनटाचं हाय, सर."

"लयीत बसत नाही." मास्तराला काही सुचलं नाही की तो लय काढतो.

"मग मी येऊ का न्हाई?"

"ये. उभी राहा. हवालदार तुला घेऊन जाईल."

"बरं," ती म्हणाली. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

प्रयोग सकाळी अकराचा होता, त्यामुळे साहेब दीड वाजता आले. आणि त्यांची गाडी फाटकात वळल्यावर शिपाईमामा धावत आले. सत्काराच्या शाली ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात, आणि हेडक्लार्क वसमतला लग्नात.

प्राचार्यांचा चेहरा पडला. ताटात नारळ होता, गुच्छ होता, शाल नव्हती. शालीशिवाय सत्कार म्हणजे आमच्याकडे नवरदेवाशिवाय वरात. तेवढ्यात मला सुचलं. मी विंगेत धावलो, कपड्यांची ट्रंक उघडली, वरचीच घडी उचलली आणि ताटात आणून ठेवली. मरून रंग, सोनेरी काठ. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मलाही माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक वाटलं. कुणी मागितली नव्हती, मी आपणहून दिली.

सत्कार झाला, पडदा उघडला, आणि दहा मिनिटांनी पहिला लाळघोट्या विंगेत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, माझी शाल न्हाई ट्रंकेत."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत मधोमध साहेब बसले होते आणि त्यांच्या खांद्यावर पहिल्या लाळघोट्याची शाल होती. उकाडा होता. साहेबांनी ती काढली आणि मांडीवर घेतली. काढताना ती उलटी झाली. तो पांढरा तुकडा मला विंगेतून दिसत होता. साहेबांनी तो बोटांनी चाचपला, खिशातून चष्मा काढला, वाचलं, चष्मा परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी पुष्कळ नट पाहिलेत, इतका संयम कुणात पाहिला नाही.

नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली, आणि पाठोपाठ आईचा रविवारचा फोन.

पहिल्या लाळघोट्यानं शेवटी प्राचार्यांच्या खुर्चीवरचा टर्किश टॉवेल अंगावर घेऊन काम केलं. लोक पोट धरून हसले. मग ती आली. काठी घेऊन, मंत्र्यापुढे उभी राहिली. हवालदारानं तिला लगेच न्यायचं होतं, पण तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती अख्खं भाषण मनात म्हणत होती. प्रकाशयोजनेचा पोरगा तिच्या शेवटच्या वाक्यावर अंधार करायचा. त्यालाही ते पाठ असावं, कारण त्यानं बटणाला हात लावला नाही. दीड मिनिट सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही. मागच्या रांगेत कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं, तेही गप्प झालं. मग अंधार झाला. टाळ्या आल्या त्या मात्र थोड्या उशिरा.

साहेबांनी भाषणात नाटकाची तारीफ केली. "राजकारणात असली माणसं असत्यात, मी लई पाह्यली," म्हणाले. शाल घडी करून सोबत घेऊन गेले.

पुढचे पाच दिवस मी शाल शोधली. आभाराचं पत्र देण्याच्या निमित्तानं साहेबांच्या घरी जाऊन आलो. तिथे पलंगावर शालींचा ढीग होता, पण मरून नव्हती. त्यांचा माणूस म्हणाला, आलेल्या शाली साहेब कीर्तनकारांना देतात. म्हणून मी नरसी नामदेवच्या सप्ताहाला गेलो. तिथे कीर्तन चालू असताना मी बुवांच्या मागे जाऊन त्यांच्या मानेपाशी काही शिवलंय का ते वाकून पाहत होतो. बाजूची म्हातारी मला म्हणाली, "पाया पुढून पडावं, बाबा." मी पुढून पडलो आणि हिंगोलीला परत आलो.

मुलाखतीला तिघंजण होते. दोघांनी नाट्यशास्त्राचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मी कशीबशी दिली. साहेब शेवटी म्हणाले, "मास्तर, नाटकात ती पोरगी उगंच उभी राह्यली, कायबी बोलली न्हाई. काहून?"

तिसऱ्यांदा तोच शब्द. खरं सांगायला तो एकच क्षण होता, आणि खरं मला तोंडपाठ होतं. मी म्हणालो, "साहेब, ते मौन होतं. दिग्दर्शनाचा भाग आहे."

साहेब हसले. "तिला बोलायचं व्हतं, मास्तर. तोंड हलून राह्यलं व्हतं तिचं. मी कायबी म्हणलं नसतं. हापशावरून लोक मला तोंडावर बोलत्यात. पन तुमी आधीच काढून टाकलं."

म्हणजे त्यांना कुणीतरी भाषण सांगितलं होतं, किंवा मीच कुणाला तरी सांगितलं होतं. आता आठवत नाही. मी खाली बघितलं. मला वाटलं, जागा गेली.

जागा गेली नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दालनात सगळ्या स्टाफसमोर मला नेमणुकीचा कागद मिळाला. साहेबांनी स्वतः माझा सत्कार केला. ताटातून शाल उचलली, मरून रंगाची, सोनेरी काठाची. माझ्या खांद्यावर घालताना आतली बाजू नीट आत राहील अशी घातली आणि कानाशी हळू म्हणाले, "तुमचीच हाय. बराबर बसली."

टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. तो तुकडा मानेला टोचत होता आणि मला हलता येत नव्हतं. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच आनंदही झाला. हे जास्त वाईट होतं.

संध्याकाळी मी शाल घेऊन विभागात गेलो. ती ट्रंकेपाशी बसून कपडे मोजून ठेवत होती. मला पाहून उठली, "अभिनंदन, सर," म्हणाली, आणि शाल हातात घेतल्याबरोबर तिनं आपली शिलाई ओळखली. घडी घालता घालता थांबली. ती हसली असती तरी चाललं असतं, पण हसली नाही.

"सर, पट्टी उसवू का?"

मी म्हणालो, "राहू दे. नाहीतर पुढच्या वर्षी कुणाची ते कळणार नाही."

तिनं शाल ट्रंकेत ठेवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. रविवार नव्हता, तरी आईचा होता. बातमी हट्ट्यापर्यंत पोचली होती.

"पक्का झालास म्हणे?"

"व्हय," मी म्हणालो. "पक्का झालो."