बकुळाबाईंच्या खाणावळीत महाबळेश्वर

सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं आणि गिरणगाव अजून त्याच धुंदीत होतं. पण त्या उन्हाळ्यात लालबागच्या एका चाळीत वेगळाच वाद पेटला. महाबळेश्वरच्या दोन बड्या हॉटेलांपैकी सरस कुठलं? वाद घालणारे सगळे कापडगिरणीतले, आणि महाबळेश्वर कुठल्या दिशेला आहे हेही त्यांतल्या कुणाला धड सांगता आलं नसतं.

आग लावली होती बकुळाबाईंनी. नवरा गेल्यापासून त्या घरातच खाणावळ चालवत. जेवणारे सगळे वेंगुर्ल्याकडचे, गिरणीतले. गिरगावातल्या एका सॉलिसिटरांची म्हातारी आई, मीराबाई, बकुळाबाईंच्याच गावची. आजारातून उठलेल्या मीराबाई महाबळेश्वरला हवापालटाला निघाल्या आणि सोबतीला बकुळाच हवी म्हणून हटून बसल्या. बाईंनी खाणावळ सुनेच्या, राधाच्या, गळ्यात घातली आणि गेल्या. तिथे मीराबाईंनी त्यांना टेबलावर शेजारी बसवून जेवायला लावलं, कधी बाजाराकडच्या हॉटेलात, कधी कड्यावरच्या.

परत आल्या त्या नुसती तुलना करत. बाजाराकडच्या हॉटेलात बेअऱ्याचा फेटा इस्त्रीचा, पण बूट वाजायचे. कड्यावरच्याचे बेअरे मांजरासारखे येत, घास घशात असताना मागून ताट उचलून नेत. बाजाराकडे फुलदाणीत खरी फुलं. कड्यावर कागदाची, पण खिडकीतून दरी दिसे. पंगतीत लगेच दोन तट पडले. रामदास नावाचा विणकर बाजाराकडच्या बाजूने बाह्या सरसावून बोले, तर सगळ्यांत जुने जेवणारे, जॉबर म्हणजे गिरणीतले मुकादम असलेले नाना, कड्यावरच्याचे कैवारी. जेवण कुठलं चांगलं, असं कुणी विचारलं की बाई म्हणत, अरे, टेबलावरची चादर बघायला हवी होतीस.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग बाईंच्या डोक्यात आलं की आपल्याकडेही तसंच वाढायचं, एका वेळी एकच पदार्थ. आधी वाटीत सार. ते संपलं की मासा. मग भाकरी. भात शेवटी. मधल्या वेळात माणसाने शांतपणे गप्पा माराव्यात, अशी मोठ्या हॉटेलातली रीत होती म्हणे.

पण दुपारपाळीच्या गड्याला गप्पांसाठी वेळ कुठला? सार पिऊन तो ताटाकडे बघत बसे. नुसता मासा आला की भाकरीची वाट बघे आणि भाकरी येईपर्यंत मासा संपलेला असे. नाना एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाय, भात खंय आसा?" बाई म्हणाल्या, येतोय, क्रमाने येतोय. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि सगळी पंगत अर्ध्या पोटी जिन्यावरून धडधडत खाली गेली. राधाने सासूला परोपरीने सांगून पाहिलं. बाई ऐकायला तयार नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात पाट रिकामे दिसू लागले. समोरच्या चाळीतल्या रखमाकडे सगळं एकदम वाढतात, ही बातमीही आली. आता मात्र बकुळाबाईंचं धाबं दणाणलं. खाणावळ मोडली तर सुनेला घेऊन गावी दिरांच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि तिथे काय स्वागत होईल ते त्या जाणून होत्या. तरीही त्यांनी क्रम सोडला नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

अशात समितीने हरताळ पुकारला. गिरण्या बंद, दुकानं बंद, आणि रखमा स्वतःच मोर्चाला गेल्यामुळे तिची चूलही बंद. सगळे खाली मान घालून बकुळाबाईंकडे आले. बाईंनी आधी सार वाढलं.

त्या दिवशी भोंगा होणार नव्हता. गप्पा रंगल्या. सारावर बेळगाव झालं, माशावर कारवार, भाकरीवर निपाणी. भात येईपर्यंत अख्खा सीमाभाग महाराष्ट्रात येऊन पंगतीला बसला होता. रामदासाने कबूल केलं की असं निवांत तो जन्मात जेवला नव्हता. नानांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, हरताळाच्या दिवशी हॉटेल, भोंग्याच्या दिवशी खाणावळ. बाईंनी पदराने तोंड पुसत तो मान्य केला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

मग नानांनी एकदाचं विचारलं, "आता खरं सांग बकुळा. जेवण कुठलं बरं होतं?"

बाई म्हणाल्या, "कुठलंच ठाऊक नाही, नाना. वाढणारा दुसराच कोणीतरी, आणि मी आपली बसलेली. जन्मात कधी असं झालं नव्हतं. लाजेने जीव अर्धा झालेला. घास नुसते आत ढकलत होते. चव कसली कळतेय?"

नाना उठले. बाई नको नको म्हणत असताना त्यांनी त्यांना खांद्याला धरून स्वतःच्या पाटावर बसवलं. रामदासाने ताट पुसून घेतलं. नानांनी सार, मासा, भाकरी, भात, सगळं एकदम वाढलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली मान घालून त्यांनी भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला.

मग मान वर करून त्या म्हणाल्या, "साराला मीठ नाही, मेल्यांनो. मघापासून गुमान पिताय होय?"