मुद्देमाल खोलीतल्या लेकी

पोलीस ठाण्याचे किस्से सांगायला बसलं की एकामागून दोन येतात. नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात शिपाई होते. बाई मी एकटीच! म्हणून अत्याचाराच्या केसमधले सीलबंद कपडे, नमुने सांभाळणाऱ्या धायगुडे तात्यांच्या हाताखाली मला दिलं. ती गाठोडी मुद्देमाल खोलीत वर्षानुवर्षं पडून. लॅबमध्ये आधीचाच ढीग उरकेना, आमची कोण घेणार?

*

एक दिवस पत्र आलं. तुंबलेल्या तपासण्या संपवायला सरकारनं पैसे मंजूर केले! लॅबला जादा माणसं, आम्हाला गाडीखर्च.

साहेब खुशीत म्हणाले, "तात्या, यात एक कूलर बसेल का हो?"

"बसंल की साहेब. पर त्या कूलरचा रिपोर्ट कोर्टात चालंल का?"

साहेबांनी तिथल्या तिथं सही केली!

*

यादी करायला बसलो तर निम्म्या चिठ्ठ्यांची शाई उडालेली. तात्या गाठोडं हातात घेऊन सांगायचे, "ही कळंबची. ही शेळगावची." मी रजिस्टर काढून सीलचा नंबर ताडून बघायचे. एकही चुकलं नाही!

"तात्या, कसं काय जमतं?"

"माझा आजा तीनशे मेंढरं तोंडावरनं वळखायचा. मला एवढ्या लेकी वळखू येऊ नयेत व्हय?"

*

निघायच्या दिवशीच जीप बंद पडली. पुण्याच्या लॅबला जायला एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "गाठोडी टपावर टाका." तात्यांनी ती पोटाशी घट्ट धरली. शेजारच्या मावशींनी विचारलं, "लग्नाचा बस्ता का?"

"न्हाय मावशी. अन्याव झालेल्या पोरींची कापडं हायती. तपासाय चाललोय."

मावशी उठल्या. "ठिवा हितं," म्हणाल्या आणि पुण्यापर्यंत उभ्यानं आल्या.

*

लॅबच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "आजची आवक बंद. उद्या या."

तात्यांनी व्हरांड्यात घोंगडं अंथरलं आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"अहो, इथं काय करताय?"

"उद्या या म्हनला न्हवं? आलोय! आमच्या घराण्याला मुक्कामाची सवय हाय."

भाकरी संपायच्या आत पोचपावती हातात!

*

मग रिपोर्ट यायला लागले. त्यातली बावड्याची एक पोरगी, नाव सांगत नाही. घरचा भाजीपाला विकायची. तिच्यावर प्रसंग गुदरला तेव्हा गावातल्या एका पुढारी आबांनी तिला सुनावलं होतं, "मिटवून घे. पुरावा कुठाय?" तेव्हापासून तिनं गावच्या बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. भाजी थेट बारामतीला न्यायची.

तिचा रिपोर्ट आला. नमुना आरोपीशी जुळला! कोर्टात त्या माणसाला शिक्षा लागली. निकाल ऐकून ती माझा हात धरून एवढंच म्हणाली, "बाई, खरंच लिवलंय का तसं?" मी म्हटलं, "शिक्क्यासकट!"

पुढच्याच बाजाराला मी बावड्यात बंदोबस्ताला होते. बघते तर बाजाराच्या मधोमध हिची हातगाडी, वर वांग्यांचा ढीग, आणि आवाज पार वेशीपर्यंत! तेवढ्यात पिशवी घेऊन तेच आबा आले. समोर हिला बघितलं आणि मान अशी खाली गेली की वर येईना.

हिनं तराजू उचलला.

"आबा, खाली काय बघताय? वांगी वर हायती!"