वास येतो, हे सांगायचं कुणी?

अहमदपुरात माझा दातांचा दवाखाना आहे. काढलेला दात लोक कागदात बांधून घरी नेतात आणि किस्से तेवढे माझ्याकडे ठेवून जातात.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सुनीताताईंनी बजावलं होतं. नंबर लावणं, फरशी पुसणं, पेशंटला दम देणं, सगळं त्याच बघतात. "मॅडम, दात किडला म्हणा, हिरडी सुजली म्हणा. पण तोंडाला वास येतो म्हणू नका. पेशंट तुटतील."

"तुटू द्या," मी म्हटलं. येतो तर येतोच म्हणणार. पाच वर्षं त्यासाठीच शिकले ना!

*

मुखेडकडची एक आजी. नंबर लांब होता. बघते तर बाई बेसिनपाशी उभी राहून हिरड्यांना मिश्री घासतेय! जळलेल्या तंबाखूची पूड ती.

"आजी, हे काय?"

"तुमच्याम्होरं घाण तोंड घेऊन कसं यावं माय?"

मी डबी काढून घेतली. आजी शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुम्हाला. माझ्यापाशी दुसरी हाय."

*

मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, एक अडते वासावर उपाय म्हणून दिवसभर विलायची चघळायचे. जिभेवर हा जाड थर! मी म्हटलं, "विलायची बंद. रात्री झोपताना ब्रश करा आणि रोज जीभ घासा."

"जीभ कशाला? तिला कुठं दात हायत?"

सगळा दवाखाना हसला. मीही हसले, पण टंग क्लीनर हातात दिल्याशिवाय सोडलं नाही.

*

आणि गुरुजी. दवाखान्याच्या जागेचे मालक, रिटायर्ड हेडमास्तर, वरच्या मजल्यावर राहायचे. दवाखाना नवाच होता तेव्हा रोज दहाला पेपर वाचायला खाली यायचे आणि पेशंटला अगदी खेटून बातम्या सांगायचे. पेशंट सरकत सरकत दारापर्यंत जायचा.

सुनीताताईंनी हात जोडले. "ह्यांना तरी सांगू नका. जागा जाईल."

मी सांगितलं. "गुरुजी, तुमच्या तोंडाला वास येतो. दातांवर कीटण साचलंय, हिरड्यांत पू आहे. बसा खुर्चीत, साफ करते."

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "एक तारखेला जागा खाली करा."

घरी जाऊन मी रडले. खोटं कशाला बोलू? बसस्टँडजवळ दुसरी जागा मिळत नव्हती, आणि जागा गेली की दवाखानाच गेला. पण माफी मागितली नाही. पू होता तर होता.

चौथ्या दिवशी गुरुजी आले, खुर्चीत बसले आणि आ केला. तीन वेळा बोलवलं, तीनदा आले. जागेबद्दल मात्र अवाक्षर नाही.

एक तारीख उजाडली. सुनीताताई खोकी बांधत होत्या. तेवढ्यात गुरुजींच्या मंडळी, काकू, पहिल्यांदाच खाली आल्या.

"खोकी सोडा. कुठं जायचं न्हाई," म्हणाल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. "बारा वर्षं भिंतीकडं तोंड करून झोपले मी. ह्यांना वाटायचं, रागावलेय. सांगायची हिंमत न्हाई झाली. काल पहिल्यांदा तोंड इकडं केलं, तर मला म्हणतात कसे, तुझ्या तोंडाला वास येतो."

काकूंनी पदर खोचला.

"बघा बाई. येत असला तर मला सांगा. नसला, तर वर येऊन त्यांना सांगा."