माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या

परवा सून फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "आत्यांना काही झालेलं नसतं गं, दवाखान्याची सवय लागलीय." कान अजून शाबूत आहेत माझे.

सवय लागलीय हे खरं. काही झालेलं नसतं हे मात्र खोटं. नव्वदीला टेकलेल्या बाईला रोज काहीतरी होतच असतं. कधी पाय सुजतो, कधी घास घशात अडकतो. त्यातलं साधं कुठलं आणि वाईट कुठलं हे ना मला कळत, ना घरातल्यांना. ज्यांना कळतं त्यांच्याकडे मी जाते.

नवरा फौजेत होता. कराडजवळच्या गावात आमचा ऊस मीच पिकवला. लावण कधी करायची, पाण्याची पाळी कुणाशी बदलून घ्यायची, तोडीसाठी कारखान्यात कुणाशी भांडायचं, सगळं मी ठरवलं. आता कराडात मुलाच्या घरी राहते. माणसं चांगली आहेत. पण स्वेटर घालायचा की नाही, हेसुद्धा आता दुसरंच कुणीतरी ठरवतं.

मागच्या हिवाळ्यात मुलानं बीपी मोजायचं मशीन आणलं. म्हणाला, "आता घरीच बघू. सारखं सारखं जायला नको."

मी मशीन लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. तो चिडला, पण त्याला मला एकटीला सोडवेना, म्हणून रिक्षा परत पाठवून गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. आईला सारखं यायची गरज नाही, हे डॉक्टरीणबाईंना समजावून सांगायचं त्याच्या मनात होतं.

आम्ही आत गेलो. बाईंनी विचारलं, "आजी, झोप लागते का?"

"लागते की," मुलगा म्हणाला. "दुपारीपण झोपते."

"जेवण?"

"व्यवस्थित आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, मी आजींना विचारतेय. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

तो उठला. साठीचा माणूस, पण शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा चेहरा करून गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दार लागल्यावर बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग मी सांगितलं, घरात कुणालाच न सांगितलेलं. सकाळी उठून उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधार येतो. दोनदा न्हाणीघरात तोल गेला. एकदा नळाला धरलं म्हणून वाचले.

"घरी का नाही बोललात?"

"बोलले तर मला खाटेवर बसवून ठेवतील. मराय मी भीत न्हाई बाई. निजून राहायला भीते."

त्यांनी मला झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून पुन्हा मोजलं. उभी राहिल्यावर ते बरंच उतरत होतं. त्यांनी बीपीची गोळी अर्धी केली, उठताना आधी पलंगाच्या कडेवर थोडं बसायला सांगितलं आणि आठवड्यानं परत बोलावलं. मग म्हणाल्या, "मुलाला हे कळायला हवं. मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

किती दिवसांनी मला कुणी असं विचारलं होतं. म्हटलं, "मी सांगते."

गाडीत सांगितलं. कोल्हापूर नाक्यावर तो म्हणाला, "उद्यापासून दिवसभराची बाई ठेवतो. तू एकटीनं कुठं जायचं नाहीस."

"बाई नको," मी म्हटलं. "न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसव. आन् मी कुठं जायाचं ते मी ठरवीन."

"पडलीस तर?"

"पडले तर उचल. पडंन म्हणून आत्ताच बांधून घालू नगंस."

त्या रात्री तो जेवला नाही. सून माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलली. मला त्याचा त्रास झाला, पण मी शब्द मागं घेतला नाही. चौथ्या दिवशी प्लंबर आला आणि दांडी बसली. गोळी अर्धी केल्यापासून अंधारीही कमी झाली.

अजून मी दवाखान्यात जाते. मुलगा सोडतो, गाडीत बसून पेपर वाचतो. सुनेनं बहिणीला काय सांगायचं ते सांगावं. सध्या पाठीवर एक जागा खाजतेय. तिथं माझा हात पोचत नाही, आरशात दिसत नाही. मंगळवारी जाऊन दाखवणार आहे.