हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी

चाकणच्या माळावरची पड जमीन सोपानरावांनी १९५५ साली नव्यानं वहितीला आणली, पण पहिल्याच रब्बीत तिच्यातला हरभरा पिवळा पडला. त्यांची बायको छबूबाई हरभरा पिकवणाऱ्या गावची. तिनं एक रोप उपटून पाहिलं. माहेरच्या हरभऱ्याला असायच्या तशा गाठी या मुळांवर नव्हत्या.

गावात आलेल्या ग्रामसेवकांना तिनं रोप दाखवलं.

"वहिनी, त्या गाठींत जिवाणू राहतात," ते म्हणाले. "हरभऱ्याचं मूळ त्यांना बोलावून घेतं, खाऊ घालतं, आणि ते हवेतलं नत्र पिकाला देतात. या रानात हरभरा कधी झालाच नाही, मग ते येणार कुठून?"

"माझ्या भावाच्या रानात हायती की!" छबूबाई म्हणाली.

पुढच्या पेरणीआधी ती माहेरच्या रानातली ओली माती बैलगाडीतून घेऊन आली. सासू रुक्मिणीबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकांच्या सुना माहेराहून लुगडं आणत्यात, आमची माती आणतीया!"

छबूबाईनं गुळाच्या चिकट पाण्यात ती माती कालवून बियाण्याला चोळली.

पौषात सारं रान हिरवंगार झालं. छबूबाईनं उपटलेलं रोप सासूच्या हातात दिलं. मुळांना गाठीच गाठी लगडल्या होत्या. एक फोडली, तर आतून लालसर निघाली, म्हणजे जिवाणू कामाला लागले होते. रुक्मिणीबाई ते रोप घेऊन तडक बांधावर गेल्या आणि शेजारच्या दौलतरावांना हाक मारून म्हणाल्या, "या, बघा माझ्या सुनेचं रान!"

पुढच्या रब्बीला अर्ध्या गावानं छबूबाईच्या रानातली माती मागून नेली.