राजीनाम्याची भाषा

फेब्रुवारीच्या अखेरीस हेब्बाळच्या तळ्यापासून आमच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता गुलाबी फुलांच्या सड्याने झाकून जातो, आणि त्या फुलांवरून चालत काचेच्या दारातून आत शिरलं की थंड हवेबरोबर कॉफीचा मंद गंध अंगावर येतो. अकरा वर्षं तो गंध मला प्रसादासारखा वाटत आला. निपाणीकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आई तंबाखूच्या वखारीत राबली. तिच्या लुगड्याला येणारा, घशात अडकणारा तो उग्र दर्प मागे सुटला, म्हणून मी या इमारतीचा मनोमन ऋणी होतो.

वखारीतल्या बायांची एक रीत होती. मालकाने एकीला बोलावलं की चौघी जात. बोलायची एकच, बाकीच्या पदर खोचून नुसत्या उभ्या राहत. शाळकरी वयात मला त्या रीतीची लाज वाटे. ज्यांना आपली बाजू नीट मांडता येत नाही त्यांनाच घोळका लागतो, अशी माझी समजूत होती. पुढे जेवणाच्या टेबलावर ‘आता युनियनचा जमाना राहिला नाही’ हे वाक्य मीही सुशिक्षिताच्या सहजतेने कितीदा उच्चारलं.

यंदा त्याच फुलांच्या दिवसांत सुषमाअक्काला एचआरचं बोलावणं आलं. अक्का बेळगावची, आमच्या टीममधली सर्वांत जुनी सॉफ्टवेअर टेस्टर. मला हे काम तिनेच शिकवलं. आमच्याकडे कुणाला काढून टाकत नाहीत, माणसाने स्वतःहून राजीनामा द्यावा अशी गोड विनंती करतात. अक्काच्या सासऱ्यांचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललं होतं.

ती माझ्या टेबलाशी आली. “मी सही करणार नाही म्हणून सांगणार आहे. तू नुसता शेजारी येऊन बस.”

“मी काय बोलणार, अक्का?”

“बोलू नकोस की! तोंडाला कुलूप लाव. एकटीला बघून ते दाबतात रे.”

मी गेलो नाही. मीटिंग आहे म्हणालो, नव्हती. तासाभराने ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि राजीनामा संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. तेव्हा मात्र मी धावलो. माझं इंग्रजी चांगलं. भांडून जाऊ नये, नातं राखून जावं, या माझ्या गावाकडच्या सद्भावनेने मी तिला पत्र लिहून दिलं: मी स्वेच्छेने जात आहे, कंपनीने दिलेल्या संधीबद्दल सदैव कृतज्ञ राहीन. ते शब्द लिहिताना माझा स्वतःचाच ऊर भरून आला होता.

पंधरा दिवसांनी विमा बंद झाला, तेव्हा काही करता येतं का हे विचारायला अक्काला घेऊन मी राजाजीनगरमधल्या एका कामगार संघटनेच्या कार्यालयात गेलो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि कन्नडमध्ये म्हणाले, “स्वखुशीने जाते म्हणता, वर आभार मानता. आता मी कशावर भांडू, अम्मा? कुणी लिहिलं हे?”

उन्हाची एक तिरपी पट्टी टेबलावर पडली होती. मी त्या पट्टीकडे बघत राहिलो.

“मीच,” अक्का म्हणाली. “दुसरं कोण लिहिणार?”

मग त्यांनी सभासदत्वाचा एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. “वाचून कळवतो,” मी नम्रपणे म्हणालो. बाहेर रिक्षाची वाट बघताना अक्का सासऱ्यांसाठी सरकारी दवाखान्यात नंबर कधी लागेल, एवढंच सांगत होती.

तो अर्ज मी अनेकदा वाचला आहे. त्यात न समजण्यासारखं काहीही नाही. माझी कृतज्ञता आणि माझं भय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं मी इतकी वर्षं मानत आलो. आता नावाच्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं की त्यांतली नेमकी कोणती माझा हात रोखून धरते, हे मला ओळखता येत नाही.