आधी काटा, मग माल

आमच्या शेजारचे काका सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी होते. कापूस मोजण्यात जन्म गेला. अजूनही कुठलाही काटा दिसला की आधी स्वतः चढतात, उतरतात, परत चढतात. आकडा तोच आला तरच काट्यावर विश्वास.

काकू पडल्या, मनगट मोडलं. डॉक्टरांनी त्यांच्या हाडांची घनता तपासायला सांगितली. काकांनी आधी मशिनी तपासायला घेतल्या. जिममधली मशीन चरबीबरोबर हाडंही मोजते म्हणे. काका तिच्यावर अनवाणी उभे राहिले, मग तांब्याभर पाणी पिऊन परत. चरबी वाढली. "बाद." आरोग्य शिबिरातल्या मशीनमध्ये टाच दोनदा ठेवली. आकडे दोन निघाले. "हीबी बाद."

शेवटी मी दोघांना परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं झोपवून तपासतात. काकूंच्या आधी काका झोपले, उठले, परत झोपले.

"दुसऱ्यांदा कशाला?" मशीन चालवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी न्हाई, मशीनसाठी."

रिपोर्ट बघून डॉक्टर गंभीर झाले. "काका, तुमचीच हाडं फार ठिसूळ झालीत. जपून चाला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"दोन्ही खेपेला तेच निघालं का?" काकांनी विचारलं.

"तेच."

काकांचा चेहरा खुलला. काकूंकडं वळून म्हणाले, "काटा बरोबर हाय. चढ आता."